पाटीवरची अक्षरे मोठी झाली, त्यांच्या वळणाचे काय?

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

२०२२ साली राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली आणि लहानमोठ्या सर्व दुकानांवर देवनागरीत मराठी पाटी लावणे, तसेच तीवरील मराठी अक्षरे इतर कोणत्याही लिपीतील अक्षरांपेक्षा लहान न ठेवणे बंधनकारक झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील व्यापाऱ्यांना दोन महिन्यांत पाट्या बदलण्यास सांगितले, त्यानंतर मुंबईतील रस्त्यांचे रूप बरेच बदलले, आणि एक मराठी माणूस म्हणून मला त्याचा मनापासून आनंद आहे. अक्षरांचा आकार कायद्याने ठरवला, तो ठरवायलाच हवा होता. अक्षरांचे वळण मात्र कायदा ठरवू शकत नाही. ते पाटी करून घेणाऱ्याने आणि करून देणाऱ्याने ठरवायचे असते, आणि नेमके तेच काम आपल्याकडे सर्वांत कमी विचाराने होते, असे गेली २८ वर्षे अक्षरजुळणीचे आणि मांडणीचे काम करताना मला सतत जाणवत आले आहे. म्हणून हा पत्रप्रपंच.

माझ्या घराजवळ एका होतकरू तरुणाने नाश्त्याचे दुकान काढले. उद्‌घाटनाच्या आदल्या रात्री पाटी लागली आणि सकाळी पाहते तो तीवर ठसठशीत लाल अक्षरांत ‘मसिळ’ असे लिहिलेले. पहिली वेलांटी ‘म’च्या आधी यायची, ती त्याच्यानंतर येऊन ‘स’च्या डोक्यावर बसली होती. त्याने मोबाइलवरून मजकूर अगदी बिनचूक पाठवला होता, तो मी स्वतः पाहिला. घोटाळा झाला तो मजकूर चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवताना. देवनागरीत पहिली वेलांटी लिहिली जाते आधी, उच्चारली जाते नंतर, आणि संगणक ती साठवतोही नंतरच. ती योग्य जागी नेऊन बसवण्याची व्यवस्था सॉफ्टवेअरमध्ये सुरू केलेली नसली की वेलांट्या सरकतात, जोडाक्षरे सुटी होतात आणि पाय मोडलेली अक्षरे रांगेत उभी राहतात. ही व्यवस्था एकदा सुरू केली की झाले, मिनिटभराचे काम आहे. पण छापण्यापूर्वी पाटी कुणी मोठ्याने वाचून पाहिलीच नव्हती. त्या मुलाने दुसऱ्या पाटीचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले.

ही उघड चूक, ती कुणाच्याही लक्षात येते. तिच्याहून जास्त नुकसान करणारी चूक लक्षातही येत नाही. गिऱ्हाईक म्हणते, ‘कुठलाही फॉन्ट चालेल, फक्त ठळक करा.’ त्या फॉन्टचे ठळक, जाड रूप मुळातच रेखाटलेले नसते, म्हणून अक्षराभोवती चहूबाजूंनी जाड रेघ ओढली जाते. त्यामुळे गाठी बुजतात, शिरोरेषेतली फट भरून निघते, आणि रस्त्याच्या पलीकडून पाहणाऱ्याला ‘ध’चा ‘घ’ आणि ‘भ’चा ‘म’ दिसू लागतो. ‘धनश्री’ची ‘घनश्री’ आणि ‘भांडार’चे ‘मांडार’ झालेले आपण सर्वांनी पाहिले आहे. खरे ठळक अक्षर रेखाटणारा कलाकार रेघ जाड करताना आतली पोकळी जपतो, गाठ किंचित मोठी करतो, शिरोरेषा जरा आवरती घेतो. हे काम हाताचे आणि डोळ्यांचे आहे. बटण दाबून ते होत नाही.

माझ्या लहानपणी पाट्या पेंटर रंगवत. वडिलांचा छोटा छापखाना होता. ट्रेडल मशीनच्या आवाजात आम्ही वाढलो आणि छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, परत ज्याच्या त्याच्या खणात टाकणे हे आम्हा भावंडांचे सुटीतले काम होते. छापखान्यासमोर किराणा-भुसाराचे दुकान होते. त्याच्या पाटीवरचा ‘भु’ मला आजही डोळ्यांपुढे दिसतो: उकार खाली लांबवर नेऊन, पुढच्या अक्षराला ओटीत घेतल्यासारखा वळवलेला, आणि उजव्या कोपऱ्यात पेंटरची लफ्फेदार सही. गावात तसा ‘भु’ दुसरा नव्हता. प्रत्येक पेंटरचा हात वेगळा, त्यामुळे प्रत्येक दुकानाचा चेहरा वेगळा. नाटकांच्या जाहिरातींतही तेच होते. २०२० साली निवर्तलेले कमल शेडगे यांनी नाटकांची जी शीर्षके रेखाटली, ती पाहून नाटक हसवणारे आहे की काळजाला हात घालणारे, हे शब्द वाचण्याआधीच उमगत असे. आज त्याच आकाराच्या जाहिरातीत नाटकाचे नाव, प्रयोगाची वेळ आणि तिकिटाचा दर एकाच फॉन्टमध्ये एकाखाली एक आलेले दिसतात, तेव्हा वाईट वाटते.

आपल्याकडे अक्षरांची परंपरा तोकडी नाही. जावजी दादाजींच्या मुंबईतील निर्णयसागर छापखान्याचा टाईप इतका देखणा आणि नेटका होता, की मराठीच नव्हे तर संस्कृत ग्रंथांच्या छपाईतही त्याचा दबदबा देशभर होता. र. कृ. जोशी यांच्यासारखा अक्षरांचा जाणकार आयआयटी मुंबईत शिकवत होता, आणि विंडोजमधून घराघरांत पोहोचलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांनीच घडवला. त्या काळच्या जाड ठिपक्यांच्या पडद्यावर देवनागरी स्वच्छ वाचता यावी, हे ‘मंगल’चे काम होते आणि ते त्याने चोख बजावले. संगणकात तो आयता होता, एवढ्याच कारणाने लग्नपत्रिका, पुस्तकाचे मुखपृष्ठ, शाळेचे प्रमाणपत्र आणि श्रद्धांजलीचा फलक असे सगळे त्याच्यावर लादले गेले. हा त्या अक्षरांवरही अन्यायच आहे. लग्नाचे निमंत्रण आणि दहाव्याची वार्ता एकाच आवाजात कुणी सांगत नाही. मग ती एकाच अक्षरात का छापायची?

पर्याय नव्हते तोवर ही तक्रार करण्यात अर्थ नव्हता. युनिकोड ही सर्व संगणकांवर चालणारी अक्षरसंकेतांची पद्धत रुजण्याआधी जुन्या पद्धतीचे मोजके मराठी फॉन्ट हाताशी असत आणि एकातला मजकूर दुसऱ्यात नेला की त्याची निव्वळ चिन्हे उरत. आज परिस्थिती पूर्ण पालटली आहे, आणि हे अजून पुष्कळ व्यावसायिकांना ठाऊक नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. मुंबईच्या ‘एक टाईप’ या अक्षरकारांच्या गटाने केलेला ‘मुक्त’ हा साधा, समंजस फॉन्ट बारीक मजकुरापासून मथळ्यापर्यंत कुठेही टिकतो. त्यांचाच ‘बलू’ गुबगुबीत आणि खेळकर आहे, मुलांच्या वस्तूंसाठी आणि मिठाईच्या खोक्यासाठी तो जणू बेतलेला आहे. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचा ‘मोदक’ तर इतका फुगीर, की अक्षरांच्या आतली पोकळी नुसत्या रेघेएवढी उरते; एखाद्या मोठ्या शब्दाला तो जो थाट देतो, तो दुसऱ्या कशाने येत नाही. ‘जैनी’ या फॉन्टमागे जैन कल्पसूत्राच्या हस्तलिखितांचे वळण आहे. कॅथरिन ली श्मिट यांच्या ‘यात्रा’ फॉन्टची प्रेरणा मुंबईच्या लोकल रेल्वेवरील हाताने रंगवलेल्या पाट्यांची आहे, आणि त्यात ब्रशचा फटकारा स्पष्ट दिसतो. आपल्या पेंटरांच्या हाताची किंमत बाहेरच्या डोळ्यांना कळली, याचे मला कौतुकही वाटले आणि आपण मागे राहिलो याची चुटपुटही लागली. राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ उपलब्ध करून दिला, आणि पुढे आयआयटी मुंबईतून आलेल्या ‘शोभिका’ची देवनागरी अक्षरे त्यावरच आधारलेली आहेत. हे सगळे फॉन्ट विनामूल्य मिळतात आणि व्यवसायात खुशाल वापरता येतात.

तेव्हा अडचण आहे ती निवडीची, आणि निवड करताना आपण पाहतो भलतेच. फॉन्टची यादी उघडायची, इंग्रजी नमुना बघायचा, तो आवडला की देवनागरीही चांगलीच असेल असे धरून चालायचे, अशी सर्रास रीत आहे. माझी पद्धत मी सांगते. कोणताही नवा फॉन्ट हाती आला की मी एका कागदावर ठरलेले शब्द छापते: महाराष्ट्र, कऱ्हाड, दुसऱ्या, उद्ध्वस्त, वाङ्मय, ज्ञानेश्वर, क्षितिज, श्रद्धा, पिंपळ, ॲड., ऑगस्ट. एकदा बातमीच्या मजकुराएवढे बारीक आणि एकदा तळहाताएवढे मोठे. ‘ष्ट्र’मध्ये तीन अक्षरे एकमेकांच्या अंगावर पडतात का, ‘ळ’ शेजारच्या अक्षरांच्या उंचीचा आहे की कुणीतरी शेवटी आठवण झाली म्हणून घातलेला आहे, ‘द्ध’ची गाठ बारीक आकारात उघडी राहते का, ‘ॲ’वरचा चंद्र अक्षराला धरून आहे की हवेत तरंगतो, हे सर्व कागदावर पाच मिनिटांत कळते. ‘ळ’ ज्याला नीट जमला नाही, त्या अक्षरकाराने मराठी मजकूर समोर ठेवून काम केलेले नाही, असे मी खुशाल धरते, आणि आजवर हा अंदाज क्वचितच चुकला आहे.

ही शिस्त मला एका चुकीने लावली, आणि ती चूक माझी होती. एका गिर्यारोहण मंडळाची स्मरणिका मी केली होती. वेगळेपणाच्या हौसेने मथळ्यांसाठी मी एक अतिशय सुबक, तिरकस कापाच्या अक्षरांचा फॉन्ट निवडला. त्यात अर्धचंद्री रफार, म्हणजे ‘ऱ्या’मधले कोयरीसारखे चिन्ह, रेखाटलेलाच नव्हता. ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ या मथळ्यात ‘ऱ’चा पाय मोडून ‘या’ सुटा पडत होता. माझ्या सहायकाने तो दिसायला बरा व्हावा म्हणून नेहमीचा रफार घातला, आणि मी तो नजरेखालून घातला नाही. छापून आले ‘सह्याद्रीच्या दर्या’. दरीचे अनेकवचन आणि समुद्र, यांत मराठीला फरक करता येतो तो या एका बारीक कोयरीमुळे. आचाऱ्यांचा सत्कार वेगळा आणि आचार्यांचा वेगळा. हिंदीला या चिन्हाची गरज नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या फॉन्टमध्ये ते कधी नसते, कधी असून बेढब असते. मंडळातल्या ज्येष्ठांनी मला एका शब्दाने दुखावले नाही, पण अंक हातात घेऊन ते त्या मथळ्यावर थांबले, ते मी विसरलेले नाही.

‘ल’ आणि ‘श’ यांचेही असेच आहे. मराठीचा ‘ल’ दोन पाकळ्यांचा आणि ‘श’ देठाचा, ही वळणे आपण बाराखडी गिरवताना शिकलो. शासनाने नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हीच रूपे मराठीसाठी स्पष्टपणे सांगितली. तरी पाट्यांवर, पुस्तकांवर आणि खुद्द पाठ्यसाहित्यावर हिंदीच्या वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ सर्रास येतात, कारण बहुतेक फॉन्टमध्ये तीच रूपे आधी पुढे येतात. यावर दोन सोपे उपाय आहेत. काही चांगल्या फॉन्टमध्ये मराठी रूपे आत दडवलेली असतात. मजकुराची भाषा ‘हिंदी’ न ठेवता ‘मराठी’ निवडली, की ती आपोआप बाहेर येतात. दुसरा उपाय म्हणजे मुळातच मराठीसाठी घडवलेला फॉन्ट घेणे. ‘तिरो’ या अक्षरकारांनी देवनागरीचे हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगवेगळे फॉन्ट केले आहेत. एकाच लिपीत तीन भाषांचे चेहरे वेगळे असतात हे त्यांनी ओळखले. पुस्तकाच्या मजकुरासाठी ‘तिरो देवनागरी मराठी’ लावून पाहावा. पानावर मराठी मराठीसारखी दिसते, यापलीकडे मला त्याची स्तुती करता येत नाही.

पाट्यांच्या कायद्याकडे पुन्हा येते. मराठी अक्षर इंग्रजीपेक्षा लहान नको, हा नियम. पण ‘आकार’ मोजायचा कसा? सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही ओळींना एकच पॉइंट दिला, तरी बऱ्याच फॉन्टमध्ये देवनागरी लहान दिसते, कारण त्या मापात वरच्या मात्रा आणि रफार, खालचे उकार या सगळ्यांची जागा धरलेली असते आणि अक्षराच्या मूळ अंगाला त्यातला वाटा कमी उरतो. शेजारी इंग्रजीची सगळी मोठी लिपी असली, म्हणजे तर मराठी ओळ खाली मान घालून उभी राहिल्यासारखी वाटते. कागदावर नियम पाळला जातो, डोळ्यांना पाळलेला दिसत नाही. मी शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची इंग्रजीच्या मोठ्या अक्षराच्या उंचीशी जुळवून घेते. मात्र वर-खाली जागा जास्त सोडावी लागते, आणि पाटी करून घेणाऱ्याला ते आधीच समजावून सांगावे लागते.

दोन लिप्यांची जोडी जुळवताना आणखी एक गोष्ट पाहावी. आपले अक्षर बोरूतून आले. बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट, म्हणून आपल्या अक्षरात जाड रेघ ज्या दिशेला पडते, त्या दिशेला रोमन अक्षरात बारीक पडते. इंग्रजी अक्षरांचे तुकडे जोडून केलेल्या देवनागरी फॉन्टमध्ये ही दिशा उलटी होते. वाचणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकत राहते. इंग्रजीची नक्कल करत अक्षरांमधले अंतर वाढवून शिरोरेषेचे तुकडे करणे, किंवा जागा अरुंद म्हणून ‘स्टेशनरी’ हा शब्द एकेक चिन्ह सुटे करून उभा लिहिणे, हेही त्यातलेच. अरुंद जागेसाठी अरुंद अक्षरे असतात. ‘एक टाईप’च्याच ‘अनेक’ या फॉन्टमध्ये एकच अक्षर निमुळते ते ऐसपैस हवे तसे रुंद करता येते, आणि ते ओढूनताणून केलेले वाटत नाही.

वेगळा फॉन्ट निवडा म्हणजे भडक निवडा, असे मला मुळीच म्हणायचे नाही. ‘मोदक’मध्ये औषधाची माहिती छापली तर रुग्णाचे हाल होतील. एका कामात एकच बोलके अक्षर पुरे, तेही नावाला किंवा मथळ्याला. बाकी मजकूर शांत, वाचनीय अक्षरात असावा. आणि बोलके अक्षर कामाच्या स्वभावातून यावे. वकिलाच्या पाटीला, बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्याला आणि चपलांच्या दुकानाला तीन वेगळे आवाज लागतात. दुकानदाराला मी नेहमी विचारते, तुमच्या दुकानात पाऊल टाकल्यावर काय वाटावे? त्याचे उत्तर मिळाले की यादीतले निम्मे फॉन्ट आपोआप गळतात. पूर्वी पेंटरही हेच करीत असला पाहिजे, फक्त तो ते विचारून दाखवत नसे.

एक विनंती करते. चांगला देवनागरी फॉन्ट घडवायला शेकडो जोडाक्षरे एकेक करून रेखाटावी लागतात आणि त्यात महिनोन् महिने जातात. तरीही हे काम करणारी माणसे वाचकाला अनोळखी राहतात. पुस्तकाच्या आणि दिवाळी अंकाच्या श्रेयनामावलीत मुखपृष्ठकाराचे नाव असते, अक्षरजुळणी करणाऱ्याचे असते, मुद्रकाचे तर असतेच. ज्या अक्षरांत सगळा अंक वाचायचा, ती कुणी घडवली ते मात्र कुठेच नसते. आपल्या वृत्तपत्रसमूहाने येत्या दिवाळी अंकापासून त्या पानावर एक ओळ वाढवावी: मजकुराचा फॉन्ट अमुक, मथळ्यांचा अमुक, अक्षरकार अमुक. एवढी ओळ लिहायची म्हटली, तरी अंकाची मांडणी करणाऱ्याला आधी फॉन्ट विचारपूर्वक निवडावा लागेल, आणि तो विकत घेण्याजोगा असेल तर रीतसर विकतही घ्यावा लागेल.

आपली नम्र,
एक अक्षरजुळणीकार, सातारा